स्ट्रेप्टोमायसिस रिमोससपासून ऑक्सिटेट्रासायक्लिन : एक लिटर ब्रॉथपासून स्फटिकांपर्यंत

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांचे अहवाल वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येते : ‘अपेक्षित स्फटिक मिळाले नाहीत, बहुधा वाणाची (म्हणजे वापरलेल्या जिवाणूच्या विशिष्ट वंशाची) उत्पादनक्षमता कमी असावी.’ दोष बहुतेक वेळा वाणाचा नसतो. औषध ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या द्रव माध्यमात, तयार झालेले असते आणि नंतर कोणत्या तरी पायरीवर चोथ्याबरोबर, धुण्याच्या पाण्याबरोबर किंवा शेवटच्या द्रवाबरोबर टाकून दिलेले असते. ते नेमके कुठे गेले हे सांगता येत नाही, कारण मधल्या पायऱ्यांवर कोणी मोजलेलेच नसते. म्हणून हा लेख मातीतल्या एका जिवाणूपासून, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस रिमोससपासून, ऑक्सिटेट्रासायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातले प्रतिजैविक मिळवण्याच्या कामाची क्रमवार मांडणी करतो. प्रमाण एक लिटर ब्रॉथचे, म्हणजे प्रत्येकी ५० मिलि माध्यमाच्या वीस फ्लास्कांचे, धरले आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतला शेकर (फ्लास्क सतत हलवणारे यंत्र) आणि रोटरी इव्हॅपोरेटर (निर्वातात द्रव उडवून लावणारे यंत्र) त्याला पुरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. या पद्धतीने मिळणारी पावडर अभ्यासाचा नमुना आहे, औषध नाही. ती माणसाला, जनावराला किंवा कोंबड्यांना देण्याचा विचारही करू नये. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांचे विघटन झाले की मूत्रपिंडाला अपाय करणारे पदार्थ तयार होऊ शकतात, आणि आपल्या पावडरीत ते किती आहेत हे घरगुती कसोट्यांनी कळत नाही.

आधी समजून घ्यायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट विद्राव्यतेची. ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यात किती विरघळते हे जवळजवळ पूर्णपणे पीएचवर ठरते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला, पीएच १.२ वर एका मिलिलिटरमध्ये सुमारे ३१ मिग्रॅ विरघळते, पीएच २ वर ४.६ मिग्रॅ, पीएच ३ वर १.४ मिग्रॅ, पीएच ५ वर केवळ ०.५ मिग्रॅ, पुढे पीएच ७ वर १.१ मिग्रॅ आणि पीएच ९ वर ३८ मिग्रॅच्या वर. पाच हा तळ आहे आणि दोन्ही बाजूंना चढण आहे. स्फटिक पाडायचे ते या तळाशी, आणि द्रवात धरून ठेवायचे ते आम्ल बाजूच्या चढणीवर. क्षारीय बाजूलाही औषध विरघळते हे खरे, पण तिथे ते लवकर खराब होते, म्हणून त्या बाजूला जायचे नाही.

दुसरी गोष्ट धातूंची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या आयनांना हा रेणू घट्ट धरतो. ब्रॉथचा पीएच सातच्या आसपास असतो, त्यात खडूची भुकटी घातलेली असते, आणि म्हणून तयार झालेल्या औषधाचा मोठा भाग कॅल्शियमशी जोडला जाऊन खडूच्या कणांवर आणि जिवाणूंच्या तंतुजालावर बसलेला असतो. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात ब्रॉथ तसाच गाळला, वरचा पिवळसर चोथा ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकला आणि जवळजवळ स्वच्छ पाण्यावर आठवडाभर कष्ट केले. औषध पिशवीत गेले होते.

टप्पा १ : वही आणि सामान

फ्लास्क धुण्याआधी वहीचे एक पान आखावे. स्तंभ पाच : पायरी, द्रवाचे आकारमान, संहती (एका मिलिलिटरमधले औषध), एकूण मिलिग्रॅम, आणि ब्रॉथमधल्या मूळ साठ्याशी टक्केवारी. प्रत्येक पायरीनंतर एक ओळ भरायची आणि ती भरल्याशिवाय उरलेले काहीही टाकायचे नाही, मग तो चोथा असो की धुण्याचे पाणी. पान भरत गेले की गळती कुठे आहे ते आपोआप दिसते.

सामानात नेहमीच्या वस्तूंखेरीज पुढील गोष्टी असाव्यात : ऑक्झॅलिक आम्ल, डायसोडियम ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन), गाळणीसाठी सेलाइटची भुकटी, एक्सएडी-१६ किंवा एचपी-२० जातीचे शोषक रेझिन सुमारे ५० मिलि, मिथेनॉल, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, विरल अमोनिया, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनचा प्रमाणित नमुना. शेवटच्या वस्तूवर खर्च नको म्हणून औषधाच्या दुकानातली कॅप्सूल फोडून प्रमाण म्हणून वापरणारे भेटतात. कॅप्सूलमध्ये पूरक भुकट्या असतात, त्यामुळे पुढची सारी मापे चुकतात. शुद्धीकरणासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. बोअरचे पाणी कडक असते, आणि त्यातला कॅल्शियम नेमका तोच आहे ज्याला आपण पुढे प्रयासाने बाहेर काढणार आहोत. लोखंडी चमचा किंवा गंजलेली चिमटी द्रवात घालू नये. लोहाने द्रव तपकिरी होतो आणि तो रंग नंतर सहजी जात नाही.

टप्पा २ : वाण आणि बीजाणूंचा साठा

वाण अधिकृत संग्रहातूनच घ्यावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि चंडीगडचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीवसंग्रह हे त्यासाठी जवळचे मार्ग आहेत. शेतातल्या मातीतून स्वतः वेगळे केलेले ॲक्टिनोमायसिट (या गटातला तंतुमय जिवाणू) घेऊन थेट हे काम करू नये. ते कोणते औषध बनवते हेच ठाऊक नसताना त्याच्या शुद्धीकरणाची पद्धत ठरवता येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिस रिमोसस हे जनुकीयदृष्ट्या अस्थिर वाण म्हणून ओळखले जाते. एका तिरप्या आगारावरून (नळीतल्या घट्ट माध्यमावरून) दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे वर्षभर पुढे नेले तर उत्पादन घटत जाते आणि काही वसाहती बीजाणू न धरता गुळगुळीत, टकल्या राहतात. म्हणून संग्रहातून आलेल्या नळीपासून एकदाच मोठा साठा करावा आणि प्रत्येक प्रयोग त्या साठ्यातून सुरू करावा.

यीस्ट-माल्ट आगार किंवा ओटमील आगारावर २८ अंशांना ७ ते १४ दिवस वाढवून, पृष्ठभाग भुकटीसारखा कोरडा दिसू लागला की ०.०५ टक्के ट्वीन-८० घातलेले निर्जंतुक पाणी ओतून बीजाणू हलकेच खरवडावेत. ट्वीनशिवाय ते पाण्यावर तरंगत राहतात. हे द्रव निर्जंतुक कापसातून गाळले की तंतूंचे तुकडे मागे राहतात. बीजाणूंची संख्या मिलिलिटरमागे १० कोटींच्या आसपास आणून, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, लहान नळ्यांत वाटून उणे २० किंवा शक्य असल्यास उणे ८० अंशांना ठेवावी. नळी एकदाच उघडावी. उरलेला भाग परत गोठवू नये.

तपासणी : साठ्यातला एक थेंब विरल करून आगारावर पसरावा आणि वसाहती मोजाव्यात. टकल्या वसाहती डोळ्यांत भरण्याइतक्या असतील तर साठा टाकून द्यावा आणि एकेका चांगल्या वसाहतीपासून पुन्हा सुरुवात करावी.

टप्पा ३ : बीजसंवर्धन

बीजाणू थेट उत्पादन माध्यमात टाकण्याचा मोह टाळावा. त्यांना अंकुरायला लागणारा वेळ फ्लास्कागणिक कमीजास्त होतो आणि वीस फ्लास्क वीस वाटांनी जातात. त्याऐवजी ग्लुकोज, यीस्ट अर्क आणि पेप्टोन यांच्या साध्या माध्यमात, २५० मिलिच्या फ्लास्कात ५० मिलि घेऊन, २८ अंशांना आणि मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांवर ४८ तास वाढवावे. वीस फ्लास्कांना ५ टक्क्यांप्रमाणे प्रत्येकी २.५ मिलि, म्हणजे एकूण ५० मिलि बीज लागते. एकाच फ्लास्कावर भिस्त ठेवू नये, तीन लावावेत. त्यांतला उत्तम तोच वापरावा.

वाढ कशी हवी? पातळ लापशीसारखी, सर्वत्र सारखी. साबुदाण्यासारखे टणक गोळे झाले असतील तर आतल्या तंतूंना हवा पोहोचत नाही. बीजाणूंची संख्या वाढवली किंवा फ्लास्कात निर्जंतुक काचेचे मणी घातले की गोळे कमी होतात.

तपासणी : ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) करून पाहावे. जांभळे, फाटे फुटलेले बारीक तंतू दिसले पाहिजेत. त्यांच्यामध्ये आखूड दांड्या दिसल्या तर ते बॅसिलस आहेत आणि तो फ्लास्क गेला. नाकही कामाला येते : निरोगी संवर्धनाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास असतो, आंबट किंवा कुजका वास हा दूषितपणाचा असतो.

टप्पा ४ : उत्पादन माध्यम

एका लिटरला मी पुढील प्रमाण वापरतो : मक्याचा स्टार्च ३० ग्रॅम, तेल काढलेले सोयाबीन पीठ २५ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ५ ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट ५ ग्रॅम आणि फेस आवरण्यासाठी थोडे सोयाबीन तेल. निर्जंतुकीकरणापूर्वी पीएच ७.० करावा. सोयापेंड बाजारातून आणली तर ती बारीक दळून चाळून घ्यावी. जाड कणांच्या पोटात बीजाणू जिवंत राहतात. त्याच कारणासाठी हे माध्यम १२१ अंशांना नेहमीच्या १५ मिनिटांऐवजी ३० मिनिटे ठेवावे.

सवयीने केली जाणारी मोठी चूक म्हणजे पीएच स्थिर राहावा म्हणून फॉस्फेट बफर घालणे. अकार्बनी फॉस्फेट मुबलक मिळाले की हे जिवाणू जोमाने वाढतात आणि औषध मात्र करत नाहीत. फॉस्फेट संपत आले की ऑक्सिटेट्रासायक्लिनची जुळणी सुरू होते. फ्लास्क दाट आणि देखणा दिसतो, मोजणीच्या प्लेटवर (टप्पा ६) औषधाचे वलय मात्र पडत नाही, असे असेल तर पहिला संशय फॉस्फेटवर घ्यावा. पीएच सांभाळण्याचे काम खडू करतो, आणि तयार होणाऱ्या औषधाला स्वतःकडे ओढून घेऊन द्रवातले प्रमाण कमी ठेवण्याचे कामही तोच करतो.

खडू एका मोठ्या पात्रात मिसळून नंतर फ्लास्कांत ओतू नये. तो तळाशी बसतो; पहिल्या फ्लास्काला पाणी मिळते आणि शेवटच्याला चिखल. प्रत्येक फ्लास्कात ०.२५ ग्रॅम वेगळा तोलून टाकावा आणि त्यावर ५० मिलि माध्यम ओतावे. वीस वेळा तोलायला अर्धा तास जातो, पण फ्लास्कांमधला फरक त्या अर्ध्या तासातच नाहीसा होतो. स्टार्च थंड पाण्यात कालवून, मग ढवळत गरम करून मिसळावा, नाही तर गुठळ्या होतात.

बीज न घातलेला एक फ्लास्क त्याच शेकरवर, तितकेच दिवस ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

टप्पा ५ : शेकरवरचे दिवस

२८ अंश, २०० फेऱ्या, सुमारे सहा दिवस. कापसाचे बोळे घट्ट पण कोरडे असावेत. ओल्या बोळ्यातून हवा जात नाही आणि बुरशी मात्र आत उतरते. तिसऱ्या दिवसापासून रोज एका ठरलेल्या फ्लास्कातून दोन मिलि नमुना काढून पीएच आणि औषधाचे प्रमाण पाहावे.

पीएच सुरुवातीला थोडा उतरतो आणि नंतर चढतो. तो ७.५ च्या वर जाऊ लागला, तंतू तुटून द्रव पातळ होऊ लागला, की जिवाणू स्वतःच विरघळायला लागले आहेत असे समजावे आणि त्याच दिवशी काम थांबवावे. ‘अजून दोन दिवस ठेवू, थोडे वाढेल’ या विचाराने ठेवलेल्या फ्लास्कांतले औषध क्षारीय द्रवात घटत जाते.

सावधान : वीज गेली की शेकर थांबतो, आणि दाट संवर्धनातला विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. शेकर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज किती वेळ गेली हे वहीत लिहावे. त्या रात्रीचे स्पष्टीकरण नंतर कोणालाही आठवत नाही.

टप्पा ६ : मोजणी

खरे तर ही वेगळी पायरी नाही, प्रत्येक पायरीच्या शेवटी करायचे काम आहे. पण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून तिला जागा दिली आहे.

नमुना मोजण्यापूर्वी त्याला आम्ल द्यावे. ब्रॉथ तसाच सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रव मोजले तर खडूवर बसलेले औषध मोजणीत येत नाही. ऑक्झॅलिक आम्लाने पीएच २ पर्यंत आणून, अर्धा तास ठेवून, मग सेंट्रिफ्यूज करावे.

मोजणीसाठी बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू मिसळलेल्या आगारात विहिरी पाडून, त्यांत नमुना घालून, भोवती जिवाणू न वाढलेल्या स्वच्छ वलयाचा व्यास घ्यावा. व्यास थेट संहतीच्या प्रमाणात वाढत नाही. संहतीच्या लॉगरिथमशी त्याची सरळ रेषा येते. प्रमाणित नमुन्याच्या निदान चार संहती त्याच प्लेटवर, त्याच दिवशी असाव्यात. गेल्या आठवड्याचा आलेख आजच्या प्लेटला लागू पडत नाही, कारण आगाराची जाडी बदललेली असते.

इथली सर्वांत फसवी चूक ही : आम्लयुक्त नमुना विहिरीत घातला की आम्लच बॅसिलसला मारते आणि औषध नसतानाही वलय पडते. म्हणून बीज न घातलेला जो फ्लास्क ठेवला होता, त्याचे माध्यम अगदी तसेच आम्लीकृत करून शेजारच्या विहिरीत घालावे. त्याभोवती वलय आले तर दोन्ही नमुने बफरने विरल करून पुन्हा लावावेत. मिथेनॉलमधले नमुने कागदी चकतीवर घालून पूर्ण वाळू द्यावेत. मिथेनॉलचेही वलय पडते.

स्पेक्ट्रोफोटोमीटर जलद आहे, पण तो केवळ शुद्ध नमुन्यांसाठी. पीएच २ च्या द्रवात ऑक्सिटेट्रासायक्लिनचे शोषण ३५३ नॅनोमीटरला सर्वाधिक असते आणि मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या द्रावणाचे मूल्य ०.५६ च्या जवळ यायला हवे. ब्रॉथमधले रंगीत पदार्थही त्याच भागात प्रकाश शोषतात, त्यामुळे कच्च्या द्रवाचा आकडा फुगलेला असतो. ज्यांच्या अहवालात शुद्धीकरणाआधी भरपूर आणि नंतर अचानक अत्यल्प औषध दिसते, त्यांनी बहुधा सुरुवातीला सोयाबीनचा रंग मोजलेला असतो.

टप्पा ७ : आम्लीकरण आणि गाळणी

वीसही फ्लास्क एका मोठ्या पात्रात रिकामे करून बर्फावर ठेवावेत. पात्र किमान तीन लिटरचे घ्यावे, आणि त्याचे कारण साधा हिशोब सांगतो : ५ ग्रॅम खडूतून आम्ल घातल्यावर जास्तीत जास्त सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघू शकतो, आणि सोयाबीनच्या प्रथिनांमुळे तो फेसात अडकतो. दीड लिटरच्या बीकरमधून हा फेस अक्षरशः दुधासारखा उतू जातो आणि टेबलावरून जमिनीवर जातो ते आपले औषध असते.

ऑक्झॅलिक आम्ल दोन कामे करते : पीएच खाली आणते आणि कॅल्शियमला ऑक्झॅलेटच्या पांढऱ्या गाळात बांधून औषधाला मोकळे करते. ५ ग्रॅम खडूसाठीच सुमारे ६.३ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, अर्थात पाणीयुक्त स्फटिकरूपातले, खर्च होते. पीएच २ च्या खाली, १.८ च्या आसपास नेण्यासाठी आणखी लागते. नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच उतरवता येतो, पण मग सगळा कॅल्शियम द्रवात राहतो आणि पुढे पीएच वाढवताच पुन्हा औषधाला चिकटतो. म्हणून आधी ऑक्झॅलिक आम्लाने हिशोबाइतका कॅल्शियम काढावा आणि उरलेला पीएच हवा तर हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरवावा.

आम्ल थोडे थोडे, फेस बसू देत, अर्ध्या तासात घालावे. पीएच मीटरचा दांडा दर वेळी धुवावा. प्रथिनांचा थर बसला की तो मागचाच आकडा दाखवत राहतो. नंतर पात्राला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून, थंड ठिकाणी, एक तास हळू ढवळावे. फॉइल बाहेरून हवी, द्रवाला लागता कामा नये.

सावधान : ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालावा, पिपेट तोंडाने ओढू नये.

गाळणीसाठी द्रवात दोन टक्के सेलाइट मिसळून ब्युखनर नसराळ्यातून निर्वातावर गाळावे. सेलाइटशिवाय तंतुजाल कागदावर साय धरते आणि गाळणी दहा मिनिटांत थांबते. चोथा दोनदा, प्रत्येक वेळी ५० मिलि पीएच १.८ च्या ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने धुवावा आणि ते पाणी मुख्य द्रवात मिळवावे. साध्या पाण्याने धुतले तर पीएच वर जातो आणि औषध चोथ्यातच अडकते.

तपासणी : चोथ्याचा एक ग्रॅम पुन्हा आम्लात घोळून मोजावा. त्यात मूळ साठ्याच्या दहा टक्क्यांहून जास्त औषध राहिले असेल तर तिसरे धुणे द्यावे. वहीत ओळ भरावी.

टप्पा ८ : रेझिनवर धरणे

आता एक लिटरच्या वर थोडे, पिवळे, पारदर्शक द्रव हाती आहे. समजा त्यात ४०० मिग्रॅ औषध आहे. पुष्कळ जण इथेच पीएच पाचवर नेतात आणि स्फटिकांची वाट पाहतात. वरचा आकडा आठवावा : पीएच ५ वर मिलिलिटरला ०.५ मिग्रॅ विरघळते, म्हणजे एका लिटरमध्ये ५०० मिग्रॅ. आपल्याकडे ४०० आहेत. एकही स्फटिक पडणार नाही, आणि पडला नाही म्हणून वाणाला दोष देणे अन्यायाचे आहे. कारखान्यात ब्रॉथमधूनच थेट स्फटिक पाडता येतात, कारण तिथल्या निवडलेल्या वाणांचे ब्रॉथ लिटरमागे अनेक ग्रॅम औषध धरून असते. आपल्याला आधी आकारमान कमी करावे लागते.

पाणी उकळून आटवणे हा मार्ग नाही. गरम आम्लात रेणूचे विघटन होते. इथिल ॲसिटेट हा अनेक प्रतिजैविकांसाठीचा सवयीचा द्रावक आहे, पण ऑक्सिटेट्रासायक्लिन कोणत्याही पीएचवर थोडाफार विद्युतभार बाळगून असते आणि त्या द्रावकात फारसे उतरत नाही. रेझिन हा सरळ उपाय आहे.

रेझिन आधी मिथेनॉलने आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. नवे रेझिन न धुता वापरले तर त्यातली रसायने औषधात उतरतात. गाळलेल्या द्रवाचा पीएच विरल अमोनियाने ४ करावा आणि मग एक लिटरला एक ग्रॅम डायसोडियम ईडीटीए घालावे, म्हणजे उरलेसुरले लोह आणि कॅल्शियम ते धरून ठेवते. क्रम उलटा करू नये : पीएच २ वर ईडीटीए स्वतःच पांढऱ्या गाळात खाली बसते. थोडा गढूळपणा आला तर पुन्हा गाळावे. ५० मिलि रेझिनच्या स्तंभातून हे द्रव तासाला २०० मिलि गतीने सोडावे, म्हणजे पाच-साडेपाच तास लागतात. पीएच २ ते ६ च्या दरम्यान रेणू हळूहळू आपल्या निष्क्रिय एपिमरमध्ये, म्हणजे किंचित वेगळ्या मांडणीच्या रूपात, बदलतो. टेट्रासायक्लिनच्या मानाने ऑक्सिटेट्रासायक्लिनमध्ये हा बदल सावकाश होतो, तरीही स्तंभ थंड ठेवावा, अंधारात ठेवावा आणि रात्रभर सोडून घरी जाऊ नये.

नंतर १५० मिलि पाण्याने धुवावे. शर्करा, क्षार आणि ईडीटीए निघून जातात. मग मिथेनॉल सोडून २५ मिलिचे भाग वेगवेगळ्या नळ्यांत घ्यावेत.

तपासणी : प्रत्येक नळीतला एक थेंब गाळणी कागदावर घेऊन, वाळवून, अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरावा आणि अतिनील दिव्याखाली पाहावा. औषध असेल तिथे ठळक पिवळी चमक दिसते. स्तंभातून वाहून गेलेल्या पाण्याचाही असाच थेंब घ्यावा. तो चमकला तर रेझिन भरून गेले आहे किंवा गती जास्त आहे, आणि ते पाणी परत वर ओतायचे आहे. म्हणूनच ते टाकायचे नव्हते.

टप्पा ९ : स्फटिकीकरण

चमकणाऱ्या नळ्या एकत्र करून, रोटरी इव्हॅपोरेटरवर, पाण्याचे तापमान ४० अंशांच्या खाली ठेवून मिथेनॉल काढून टाकावे. शेवटी राहणारे पाणी २५ मिलिच्या आसपास असावे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचा पीएच १.५ च्या खाली आणावा, म्हणजे सगळे विरघळते. पीएच २ वर ४.६ मिग्रॅचीच मर्यादा असल्यामुळे तिथे थांबले तर काही भाग चिकट गाळ म्हणून बसतो. न विरघळलेले कण बारीक गाळणीतून काढून टाकावेत. हे सारे थंडीत आणि लगोलग करावे, कारण तीव्र आम्लात औषध जितका वेळ राहील तितके ते बिघडते.

आता बीकर चुंबकीय ढवळणीवर, हळू गतीवर ठेवून, एक टक्का अमोनिया थेंबाथेंबाने घालावा. पीएच ३ नंतर द्रव किंचित गढुळतो. तिथे थांबावे. प्रमाणित नमुन्याचे काही कण बीज म्हणून टाकावेत आणि दहा-पंधरा मिनिटे काहीही करू नये. हा थांबा घेतला तर गढूळपणात बारीक चमचमणारे कण दिसू लागतात, न घेतला तर पुढे सगळे औषध पिवळ्या पेस्टसारखे एकदम बसते आणि सगळी मलिनता पोटात घेऊन बसते. मग अर्ध्या तासात पीएच ५ पर्यंत न्यावे. पीएच चुकून सातवर गेला तर घाबरून भसकन आम्ल ओतू नये. हळूहळू परत पाचवर आणावे. बीकर झाकून चार अंशांना रात्रभर ठेवावे.

सकाळी लहान नसराळ्यावर स्फटिक गाळून, दोनदा पाच-पाच मिलि बर्फगार पाण्याने धुवावेत. २५ मिलि मातृद्रवात, म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरलेल्या द्रवात, सुमारे १२ मिग्रॅ औषध विरघळलेले राहणारच. ती गळती टाळता येत नाही, पण धुण्यासाठी शंभर मिलि पाणी वापरून तिच्यात ५० मिग्रॅची भर घालण्याचे कारण नाही. स्फटिक निर्वात डेसिकेटरमध्ये, अंधारात, ४० अंशांच्या खाली वाळवावेत. त्यांचा रंग फिका पिवळा असावा. तपकिरी छटा लोहाची किंवा विघटनाची असते.

टप्पा १० : शुद्धतेची पडताळणी

झटपट कसोटी सल्फ्युरिक आम्लाची आहे. दोन मिलिग्रॅम पावडरीवर पाच मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की गडद लाल रंग येतो. ते द्रावण अडीच मिलि पाण्यात काळजीपूर्वक ओतले की रंग पिवळा होतो. टेट्रासायक्लिनचा रंग जांभळट लाल आणि क्लोरटेट्रासायक्लिनचा निळा येतो. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही.

पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत साधी सिलिका प्लेट वापरली तर डाग शेपटी धरून लांबतो, कारण सिलिकातले धातू औषधाला अडवतात. प्लेटवर आधी पीएच ७ चे १० टक्के ईडीटीए फवारून, वाळवून, ११० अंशांना तासभर तापवावी. मग पाणी, मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन यांच्या ६:३५:५९ मिश्रणात डाग गोल राहतो. प्रमाणित नमुना शेजारी लावावा. एचपीएलसीची (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीची) सोय असेल तर ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या वाहक द्रवावर एपिमर आणि २-ॲसिटिल हा किण्वनातच तयार होणारा जोडीदार वेगळे दिसतात. या जोडीदाराला स्फटिकीकरणाने पूर्ण काढता येत नाही, त्यामुळे त्याचे शिखर दिसले म्हणून हात बिघडला असे समजू नये.

वजनावरून टक्केवारी काढताना पावडर डायहायड्रेट आहे, म्हणजे प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू आहेत, हे विसरू नये. तिच्यात सुमारे सव्वासात टक्के पाणी असते. पाणी न वजा करता शुद्धता ९२ टक्के आली, तर ती प्रत्यक्षात ९९ च्या जवळ आहे.

टाकाऊ द्रवांची विल्हेवाट

वापरलेले ब्रॉथ, चोथा आणि मातृद्रव बेसिनमध्ये ओतू नये. ऑटोक्लेव्हमुळे जिवाणू मरतात, पण औषध पूर्ण नष्ट झाले असे गृहीत धरता येत नाही, आणि सांडपाण्यात गेलेले थोडेसे टेट्रासायक्लिनही तिथल्या जिवाणूंमध्ये प्रतिकारक्षमता टिकवून ठेवते. शिवाय हे वाण स्वतःच्या औषधापासून वाचण्यासाठी प्रतिकाराची जनुके बाळगून असते. आधी ऑटोक्लेव्ह करावे, मग द्रव सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ वर आणून दिवसभर उजेडात ठेवावे आणि शेवटी विभागाच्या ठरलेल्या रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये, चिठ्ठी लावून, द्यावे. अमोनिया किंवा आम्ल असलेल्या द्रवात ब्लीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. मिथेनॉलचा कॅन वेगळा असतो, आणि रेझिन मिथेनॉलने धुऊन, पाण्याखाली बुडवून ठेवले की पुढच्या तुकडीला तेच वापरता येते.